शाळेचें ग्रंथालय : कपाटांतून हातांत

पुष्कळ शाळांतून ग्रंथालय म्हणजे भिंतीशीं उभें असलेलें एक कपाट असतें. कपाटास कुलूप असतें, कुलुपाची किल्ली एका शिक्षकांपाशीं असते, आणि त्या शिक्षकांच्या माथीं आणखी दहा कामें असतात. वर्षअखेरीस पुस्तकांची मोजदाद होते. एकहि पुस्तक हरवलें नाहीं असें पाहून सर्वांस समाधान वाटतें. परंतु ज्या कपाटांतून वर्षभरांत एकहि पुस्तक हरवत नाहीं, एकाहि पुस्तकाचें पान दुमडत नाहीं, त्या कपाटांतून बहुधा एकहि पुस्तक बाहेर गेलेलें नसतें, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या स्थितीबद्दल आम्ही शिक्षकांस बोल लावीत नाहीं. हरवलेल्या पुस्तकाची किंमत आपणांस भरावी लागेल ही भीति खरी असते. म्हणून ग्रंथालयाची योजना आंखतांना पहिलें कलम हेंच असावें कीं, प्रतिवर्षीं कांहीं पुस्तकें फाटतील व कांहीं हरवतील, हें शाळेनें आधींच गृहीत धरावें आणि त्याचा भार एकट्या शिक्षकांवर टाकूं नये. खडू झिजला म्हणून कोणी हळहळत नाहीं; वापरानें झिजलेल्या पुस्तकाचेंहि तसेंच समजावें.

हा विचार आमचा नव्हे. शियाळी रामामृत रंगनाथन् हे मूळचे गणिताचे अध्यापक; १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें जगापुढें मांडलीं. ग्रंथ उपयोगासाठीं आहेत. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वांचविला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. हीं सूत्रें इतकीं साधीं आहेत कीं सातवींतील मुलासहि समजावींत. कुलूपबंद कपाट मात्र यांपैकीं पांचहि सूत्रें मोडीत असतें.

या सूत्रांच्याहि आधीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं या प्रश्नाचें मर्म ओळखलें होतें. १९०६ सालीं त्यांनीं आपल्या संस्थानांत सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास कांहीं मिळालें नाहीं, तर शिकलेलीं अक्षरें पांचसात वर्षांत पुसून जातात. म्हणून १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून घेतलें व संस्थानभर वाचनालयांची योजना सुरू केली. जेथें वाचनालय नव्हतें तेथें पुस्तकांच्या लांकडी पेट्या पाठविण्यांत येत. वाचक पुस्तकाकडे येऊं शकत नसेल, तर पुस्तकानें वाचकाकडे जावें, हें त्या पेटीचें तत्त्व होय.

आतां आपल्या वर्धा जिल्ह्याकडे पाहूं. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि तींतून, हातांच्या कामांतून शिक्षण देणारी ‘नई तालीम’ पुढें आली. ती केवळ पुस्तकी शिक्षणाच्या विरुद्ध होती. यावरून कोणी ती पुस्तकांच्या विरुद्ध होती असें समजूं नये. आम्हांस तर वाटतें कीं ग्रंथालय हेंच हातकामाचें उत्तम स्थान आहे. फाटलेलीं पुस्तकें शिवणें, खळ लावून पुठ्ठे चढविणें, पाठीवर नांवाची चिठ्ठी डकविणें, नोंदवही आंखणें, सूचि करणें, हीं सर्व कामें विद्यार्थी करूं शकतात. ज्या मुलानें आपल्या हातानें पुस्तक शिवलें, तो त्या पुस्तकाचें पान सहसा फाडणार नाहीं. आणि शिवतां शिवतां दोन पानें वाचल्यावांचूनहि राहणार नाहीं.

वर्षाची आंखणी आम्ही पुढीलप्रमाणें सुचवितों. विदर्भांत उन्हाळ्यामुळें शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैंत पुस्तकांची निवड व वर्गवारी करावी. मोठ्या ग्रंथालयांतील दशांश पद्धति शाळेंत नको. गोष्टी, चरित्रें, विज्ञान, प्रवास, कविता अशा पांच भागांस पांच रंगांच्या पट्ट्या लावल्या म्हणजे लहान मुलांसहि आपलें पुस्तक सांपडतें. १२ ऑगस्ट हा रंगनाथन् यांचा जन्मदिवस. त्या दिवशीं प्रत्येक वर्गांतील दोन विद्यार्थ्यांच्या हातीं नोंदवही सोंपवावी. १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. अब्दुल कलाम यांची जयंति, महाराष्ट्रांत २०१५ पासून वाचनप्रेरणा दिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशीं भाषणें थोडीं व वाचन अधिक असें ठेवावें.

दिवाळीनंतर कापूस वेचणीचे दिवस येतात. कित्येक मुलें आईबापांबरोबर शेतावर जातात व शाळेंत दिसेनाशीं होतात. याच वेळीं बडोद्याच्या पेटीची आठवण करावी. चाळीस पुस्तकांची एक पेटी एका गांवच्या मोठ्या विद्यार्थ्याकडे द्यावी. आठवड्यास एक पुस्तक याप्रमाणें अदलाबदल केली तर चाळीस मुलांस तीस आठवड्यांत प्रत्येकीं तीस पुस्तकें वाचावयास मिळतात, आणि त्यासाठीं एकहि नवें पुस्तक विकत घ्यावें लागत नाहीं. २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिनीं विद्यार्थ्यांनीं आपणांस आवडलेल्या पुस्तकाची दुसऱ्यास शिफारस करावी.

पुढें एप्रिल येतो. बहुतेक शाळा सुटीपूर्वीं सर्व पुस्तकें परत मागवून कपाट बंद करितात. आमच्या मतें हीच सर्वांत मोठी चूक होय. मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. दुपारीं मुलांस घराबाहेर पडतां येत नाहीं. वर्षांतील इतका मोकळा वेळ दुसरा नाहीं, आणि नेमक्या त्याच वेळीं मूल पुस्तकावांचून असतें. प्रत्येक विद्यार्थ्यास सुटींत दोन पुस्तकें अवश्य न्यूं द्यावींत.

आतां उपक्रमांविषयीं. आठवड्यांतून एक तास वेळापत्रकांत ग्रंथालयासाठीं राखून ठेवावा, आणि तो गणिताच्या राहिलेल्या पाठासाठीं कोणी उसना घेऊं नये. त्या तासाचीं पहिलीं दहा मिनिटें शिक्षकांनीं मोठ्यानें वाचून दाखवावें व गोष्ट ऐन रंगांत आली असतां थांबावें. उरलेली गोष्ट मुलें आपण होऊन शोधतील. श्रवण ही वाचनाची थोरली बहीण आहे. पवनारचे आचार्य विनोबा भावे यांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं. तीं साने गुरुजींनीं ऐकतां ऐकतां लिहून घेतलीं, म्हणूनच तो ग्रंथ आज आपल्या हातीं आहे. ऐकलेलें टिपून घेण्याची संवय विद्यार्थ्यांस लावावी, ती अशासाठीं.

एक गोष्ट मात्र करूं नये. पुस्तक हातीं दिल्याबरोबर त्याचा सारांश मागूं नये. पान वाढून प्रत्येक घांसाचा हिशेब मागितला तर जेवणाराची भूक मरते. ‘हें पुस्तक कोणास द्यावेंसें वाटतें ?’ एवढा एकच प्रश्न पुरे. तसेंच सर्वांत अधिक पुस्तकें कोणीं वाचलीं अशी चढाओढहि लावूं नये. तींत पानें उलटलीं जातात, वाचलीं जात नाहींत.

पुस्तकें कमी असल्याची तक्रार सर्वत्र आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेंत वृत्तपत्रें, मासिकें व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावें असें ठरविलें आहे. तेव्हां पालकांनीं त्याची चौकशी करणें हा त्यांचा अधिकारच आहे. मुलांसाठीं लिहिणारांची परंपराहि आपल्याकडे मोठी आहे. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं ‘बालबोध’ काढलें, वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं ‘आनंद’ काढलें, आणि ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. ‘किशोर’चे जुने अंक आतां भ्रमणध्वनीवरहि विनामूल्य वाचतां येतात. घरांत तें यंत्र असेल तर त्याचा एवढा तरी सदुपयोग व्हावा.

पालकांस आमची एक विनंति आहे. आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं शाळेंत जाणारें हें पहिलेंच मूल असेल, आणि आपणांस स्वतःस वाचतां येत नसेल. त्याचा संकोच मानूं नये. रात्रीं जेवणें झाल्यावर मुलास म्हणावें, ‘बाळ, आम्हांस पानभर वाचून दाखव.’ आजीनें ऐकावें, बापानें ऐकावें, न समजेल तेथें विचारावें. ज्या मुलाचें वाचन ऐकावयास घरांत कोणी बसलेलें आहे, त्याचें वाचन सहसा सुटत नाहीं.

वर्ध्यास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६९ सालीं पु. शि. रेगे यांच्या आणि २०२३ सालीं नरेंद्र चपळगांवकर यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. अशा संमेलनाचा मांडव तीन दिवसांनीं उतरतो. त्यानंतरचें काम शाळेच्या त्या लहानशा कपाटास करावयाचें असतें. विद्यार्थिमित्रहो, उद्यां शाळेंत गेल्यावर आपल्या कपाटाची किल्ली कोठें आहे, हें गुरुजींस नम्रपणें विचारा. पुढल्या वर्षीं मोजदादींत दोन पुस्तकें कमी भरलीं, तर तीं कोणाच्या तरी घरीं उशाशीं आहेत असें आम्ही समजूं.