फाटकावरची नोंद जाते कुठे?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा डोंबिवलीजवळच्या पलावासारख्या वसाहतींत पाहुण्याचा मोबाइल नंबर, कित्येकदा फोटोही, फाटकावरच अ‍ॅपमध्ये जातो. वर दाराशी कॅमेऱ्याची बेल असते. सुरक्षितता हवीच. पण ही नोंद कुठे साठते, किती दिवस राहते, हे रोज ये-जा करणाऱ्या घरकामाच्या मावशींना कोणी सांगत नाही, आणि हे चूक आहे.

धोका काल्पनिक नाही. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीच्या सीसीटीव्ही चित्रफिती इंटरनेटवर विकल्या जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. अटक झालेल्यांत लातूर-सांगलीकडचेही होते. रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन१२३’, म्हणजे कोणालाही सुचेल असा.

अशा माहितीसाठी डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, २०२३ चा. घरगुती वापराला त्यातून सूट आहे. पण ती व्यक्तीला, सोसायटीला नव्हे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे.

तोवर थांबू नका. पासवर्ड आजच बदला, बेलचा कॅमेरा समोरच्या दारावर रोखू नका आणि येत्या सर्वसाधारण सभेत विचारा, आमची माहिती पुसली कधी जाते?