पाणी बघितलं का? मे महिन्यात गाडी बाहेर काढण्याआधी

परीक्षा आटोपल्या की राजेंद्र नगर, रामबाग, सुदामा नगर भागांतल्या बऱ्याच गाड्या महाराष्ट्राच्या दिशेने निघतात. कुणाकडे नाशिकला मुंज, कुणाचं पुण्यात लग्न, कुणाचं कुलदैवताचं दर्शन राहिलेलं. बॅगा, पाण्याचा जार, नातेवाइकांसाठी शेवेचे पुडे, सगळं आठवणीने गाडीत चढतं. बॉनेट मात्र कुणी उघडत नाही.

पूर्वी उघडत असत. फियाट आणि अँबॅसॅडरच्या काळात निघायच्या आधी घरातलं मोठं माणूस हमखास विचारायचं, "पाणी बघितलं का?" मग रेडिएटरचं झाकण काढून तांब्याने पाणी ओतलं जाई. आमच्यापैकी अनेकांच्या हाताला ती सवय अजून आहे. त्यातला बघण्याचा भाग आजही बरोबर आहे. पाणी ओतण्याचा भाग आता सोडायला हवा.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच गाडी पळवायला उपयोगी पडते. जवळपास तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली उष्णता काढून टाकण्याचं काम बरंचसं कूलंटकडे असतं. पंप ते इंजिनाभोवती फिरवतो, तिथली उष्णता घेऊन ते पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये येतं आणि वाऱ्याने थंड होऊन परत जातं. गाडी रेंगाळत असेल तर वाऱ्याची उणीव पंखा भरून काढतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप ही वाट बंद ठेवते आणि साधारण ८० ते ९० अंशांना उघडते.

म्हणजे इंजिनाचं रोजचं तापमानच उकळत्या पाण्याच्या जवळचं आहे. ते उकळू नये म्हणून दोन उपाय असतात. झाकण घट्ट लावून आत दाब ठेवतात आणि पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. दोन्ही मिळून उकळण्याची पातळी १२० अंशांच्या पुढे जाते. कूलंटमधली रसायनं गंजही रोखतात. नुसतं पाणी टाकत गेलो की हे दोन्ही फायदे पातळ होत जातात. त्यात आपल्याकडचं पाणी. नर्मदेची लाइन असली तरी बऱ्याच कॉलन्यांत बोअरवेलचं पाणी वापरात आहेच. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. फरक एवढाच की तिथला दिसत नाही.

आमच्यातल्या एका कुटुंबाने हे अनुभवलं आहे. नाशिकहून लग्न आटोपून परतताना, मे महिन्यातली दुपार, गाडीत पाच माणसं, एसी पूर्ण. धामनोद सोडलं आणि मानपूरच्या घाटात ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढू लागली. इंजिनाला सगळ्यात जास्त कष्ट आणि रेडिएटरला सगळ्यात कमी वारा, असा हा चढ आहे. तापमानाचा लाल दिवा लागला. "आता मानपूर आलंच," म्हणून गाडी तशीच दामटली. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा थांबले. घाईने झाकणाला हात घालणार, इतक्यात मागचा ट्रकवाला ओरडला, "हाथ मत लगाना!" त्या ओरडण्यामुळे चेहरा वाचला. इंजिन वाचलं नाही. हेड गॅस्केट गेलं आणि गाडी टोचन करून इंदूरला आणावी लागली. मूळ कारण होतं काही शे रुपयांचा चिरलेला होजपाइप. महिनाभर पातळी कमी होत होती आणि दर वेळी नळाचं पाणी टाकून ती भरली जात होती.

तेव्हा काटा चढू लागला किंवा लाल दिवा लागला, तर एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण सोडा. मे महिन्यात हे ऐकायला क्रूर वाटतं, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. लगेच सुरक्षित जागा पाहून थांबा आणि इंजिन बंद करा. वाफ दिसली तर बॉनेटही थोड्या वेळाने उघडा. झाकण मात्र इंजिन पुरतं थंड झाल्यावरच, अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल. दाब सुटला की आतलं कूलंट उसळून अंगावर येतं. हल्ली बऱ्याच गाड्यांत काटा नसतो, फक्त दिवे असतात. निळा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, लाल म्हणजे थांबा. आडरानात काहीच हाताशी नसेल तर इंजिन थंड झाल्यावर पिण्याचं पाणी टाकून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. ती तात्पुरती सोय. नंतर कूलंट बदलून घ्या.

घरी तपासायला पाच मिनिटं लागतात. सकाळी, गाडी थंड असताना. प्लास्टिकच्या टाकीवरच्या कमी-जास्तच्या दोन खुणांमध्ये कूलंट हवं. पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर गळती शोधा, भरत बसू नका. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर सांगितलेल्या प्रमाणात घाला. हिरवा, लाल हे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंग जुळवून मिसळू नका. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच प्रकार घ्या. होजपाइप दाबून पाहा, चिरा किंवा फुगवटा नको. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि धूळ साचली असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. मोठ्या प्रेशरने पाती वाकतात.

एक गोष्ट आजी-आजोबांनी विशेष लक्षात ठेवावी. बहुतेक कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. उरलेला डबा नातवंडांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, सांडलेलं लगेच पुसा. कुत्र्या-मांजरांनाही ते जिवावर बेततं.

परतताना परीक्षा कूलंटची, तशी जाताना ब्रेकची. गणेश घाटात ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात इंदूरकरांना नव्याने सांगायला नकोत. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, आपल्या गाडीचे ब्रेक ऑइलवर, पण शत्रू एकच, उष्णता. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत टिकतं. ओल शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रल अजिबात नको. पातळी कमी दिसली तर बहुधा ब्रेकपॅड झिजलेले असतात, किंवा कुठे तरी गळती असते. नुसतं ऑइल भरून निघू नका, दाखवून घ्या.

इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टीवर पाहावं. काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकरच काळं होतं. दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र कूलंट आत शिरलं असण्याची शक्यता आहे. गाडी बाहेर काढू नका. काचेच्या पाण्याची टाकी भरा. त्यात नळाचं पाणी चालतं.

आणि हे सगळं निघण्याच्या आदल्या रात्री नको. आठ दिवस आधी बघा, म्हणजे होजपाइप मागवावा लागला तरी तिथीच्या आत येईल.