तेलात मुरलेले लाकूड: देवदार

श्रीनगरच्या जामा मशिदीत ३७० हून अधिक खांब उभे आहेत आणि ते सगळे देवदाराच्या अखंड खोडांचे आहेत. सुलतान सिकंदरच्या काळात, १४व्या शतकाच्या अखेरीस ही मशीद बांधायला घेतली. पुढे ती एकदा नव्हे, अनेकदा आगीत सापडली आणि पुन्हा उभी राहिली. वाळवी आणि बुरशीला सहजासहजी दाद न देणारे हे लाकूड आगीपुढे मात्र हतबल ठरते. दोन्हींमागे एकच कारण आहे: त्यात मुरलेले सुगंधी तेल.

अफगाणिस्तानच्या पूर्व भागापासून पश्चिम नेपाळपर्यंतच्या हिमालयात, साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर देवदार वाढतो. हिमाचल प्रदेशाचा तो राज्यवृक्ष आणि पाकिस्तानचा राष्ट्रीय वृक्ष आहे. चांगल्या जागी तो ५० मीटरपर्यंत उंच जातो आणि कित्येक शतके जगतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात ७०० वर्षांहून अधिक वयाच्या देवदाराचा आडवा छेद ठेवला आहे. देवदाराच्या खोडातली वर्षवलये इतकी स्पष्ट असतात की लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले शास्त्रज्ञ त्यांवरून जुन्या काळातल्या पावसापाण्याचा अंदाज बांधतात.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने देवदार हे मृदुकाष्ठ. या वर्गवारीने मात्र भल्याभल्यांची फसगत होते, कारण तिचा लाकडाच्या मऊपणाशी थेट संबंध नाही. आपली सावर नखाने ओरखडा उठावा इतकी मऊ, तरी शास्त्रात तिची गणना कठीणकाष्ठात! मृदुकाष्ठ म्हणजे देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांचे लाकूड; त्यात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नलिका नसतात. लांबट, अरुंद पेशीच आधार देण्याचे आणि पाणी चढवण्याचे काम करतात. त्यामुळे देवदाराचा धागा सरळ आणि पोत एकसारखा असतो. वाळल्यावर एका घनमीटरचे वजन साधारण ५५० किलो भरते, म्हणजे सागवानापेक्षा कमीच.

सुताराच्या दृष्टीने हे लाकूड मोठे समजूतदार. करवतीला अडत नाही, रंध्याखाली गुळगुळीत होते आणि नीट वाळवले तर फारसे वाकत नाही. त्याच्याविषयी तक्रारी दोनच. कडेला खिळा ठोकताना ते चिरते, म्हणून आधी भोक पाडून घ्यावे. दुसरी तक्रार तेलाची: रंग किंवा पॉलिश चढवले की तेल, आणि गाठींजवळचा चीक, खालून वर येतो आणि पृष्ठभाग चिकट राहतो. माझ्या मते देवदाराला रंग देण्याच्या फंदात पडूच नये. उघडा ठेवला तर तो उन्हापावसात करडा होतो आणि तसाच शोभतो. वाळवी-बुरशीला रोखणारे हे तेल गाभ्यातच भरपूर असते. सालीलगतचा पांढरट थर मात्र लवकर कुजतो, म्हणून जाणते सुतार तो तासून टाकतात.

या लाकडाचा सर्वांत देखणा उपयोग हिमाचलातल्या काठकुणी बांधकामात दिसतो. देवदाराच्या तुळयांचा एक थर, त्यावर घडीव दगडांचा एक थर, अशी भिंत चढत जाते. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. कोपऱ्यांत तुळया एकमेकींत गुंतवून लाकडी खुंट्यांनी अडकवतात. भूकंपात दगड थोडे सरकतात, तुळया लवचिकपणे ताण झेलतात आणि भिंत कोसळत नाही. १९०५च्या कांगडा भूकंपातून नग्गरचा किल्ला वाचला, त्याचे श्रेय या रचनेला दिले जाते. मनालीचे हिडिंबा मंदिर (१५५३) देवदाराच्या राईतच उभे आहे. काश्मिरात झेलमवरचे जुने पूल आणि हाउसबोटीही याच लाकडाच्या, कारण पाण्यात राहूनही ते दीर्घकाळ टिकते.

हाच टिकाऊपणा जंगलांच्या मुळावर आला. १९व्या शतकात रेल्वे पसरू लागली तेव्हा रुळांखालच्या स्लीपरांसाठी देवदाराला प्रचंड मागणी आली. हर्सिलच्या फ्रेडरिक विल्सन या लाकूड-व्यापाऱ्याने टिहरीच्या राजाकडून कंत्राट घेऊन ओंडके भागीरथीच्या प्रवाहात सोडले. ते थेट मैदानात पोचत. डोंगर उघडे पडू लागल्यावर सरकारला वनखात्याची गरज भासली. आज वृक्षतोडीवर कडक निर्बंध आहेत, विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडच्या वखारीत ‘देवदारी’ म्हणून मिळणारी फळी बहुधा परदेशी पाइनची, खोक्यांच्या कामाची असते. अस्सल देवदार हाताळायचा असेल तर काष्ठौषधींच्या दुकानात जा आणि देवदाराचे चार तुकडे मागा. एखादा तुकडा चाकूने खरवडून हुंगा: अस्सल असेल तर गोडसर, राळेसारखा उग्र वास लगेच येईल.