राखणदार कोण? कृत्रिम बुद्धिमत्ता, मनुष्यत्व आणि ख्रिस्ती दृष्टिकोन
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न उसाच्या फडात उभा राहिला आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे येथील शेतीला पाणी मिळाले, उसाचे क्षेत्र वाढले आणि दाट उसात बिबट्याला आसरा मिळाला. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे चार तालुके ज्याच्या कक्षेत येतात, त्या जुन्नर वनविभागात मानव-बिबट संघर्ष दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात लहान मुलांसह माणसांचे बळी गेले, तेव्हा या संघर्षाची तीव्रता राज्यभर जाणवली. बिबट्याची चाहूल लागताच वस्तीला सावध करणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली यंत्रणा वनविभागाने या भागात वापरात आणली आहे. राखणीचे काम यंत्राने स्वीकारले, तर माणसाकडे काय उरते? या प्रश्नाकडे ख्रिस्ती विचारपरंपरा कशा रीतीने पाहते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

यंत्राचे 'पाहणे'

अशी यंत्रणा असंख्य छायाचित्रांवरून बिबट्याचे आकृतिबंध शिकते. कॅमेऱ्यासमोर एखादी आकृती आली की ती बिबट्याची असण्याची शक्यता किती, हे यंत्रणा काढते आणि ती शक्यता ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास इशारा देते. ही मर्यादा खाली ठेवली, तर कुत्र्यामांजरांमुळेही भोंगा वाजतो आणि काही दिवसांत लोक त्याकडे दुर्लक्ष करू लागतात. ती वर ठेवली, तर एखादा खरा बिबट्या नजरेतून निसटतो. या दोन चुकांपैकी कोणती अधिक सोसण्याजोगी, हे गणित सांगू शकत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते. चूक झाल्यास उत्तर देण्याचे दायित्वही यंत्राला घेता येत नाही.

ईश्वरप्रतिमेचे तीन अर्थ

मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे 'उत्पत्ती' या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील विधान ख्रिस्ती मानवविचाराचा पाया होय. त्याचे स्थूलमानाने तीन अर्थ लावले गेले. संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेने ही प्रतिमा मुख्यतः मानवाच्या बुद्धीत पाहिली. दुसऱ्या अर्थानुसार ती सृष्टीच्या कारभाराच्या जबाबदारीत आहे. कार्ल बार्थ यांच्यासारख्या विसाव्या शतकातील विचारवंतांनी ती नात्यात पाहिली: ईश्वराशी असलेले आणि माणसांचे परस्परांशी असलेले नाते. नोरीन हर्झफेल्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन अवर इमेज' या ग्रंथात हेच तीन अर्थ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात तपासले आहेत.

मनुष्यत्व केवळ गणन वा तर्कशक्तीत आहे असे मानले, तर यंत्राच्या प्रत्येक प्रगतीबरोबर माणसाचे स्थान खाली येईल. तान्हे मूल किंवा स्मृतिभ्रंश झालेली वृद्धा यांचे मनुष्यत्वही उणे ठरेल. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'अँटिक्वा एट नोव्हा' या टिपणाने हाच धोका दाखवला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीचे फलित आहे, तिचा एक प्रकार नव्हे. आणि माणसाची प्रतिष्ठा त्याच्या कार्यक्षमतेवर अवलंबून नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या भूमिकेचे प्रत्यक्ष रूप पुणे जिल्ह्यातच पाहावयास मिळते. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त, परित्यक्त व अंध स्त्रियांना आश्रय दिला. समाजाने ज्यांची उपयुक्तता शून्य ठरवली होती, त्यांच्या ठायी पूर्ण मनुष्यत्व आहे, ही त्या कार्यामागील श्रद्धा होती.

राखण आणि शेजारधर्म

'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवल्याचे वर्णन आहे. चौथ्या अध्यायात भावाचा वध केलेला काइन, आपण भावाचे राखणदार आहोत काय, असा उलट प्रश्न ईश्वरालाच करतो. दोन्ही ठिकाणी मूळ हिब्रू धातू एकच आहे: 'शामर', म्हणजे सांभाळणे, राखणे. सृष्टीची राखण आणि भावाची राखण अशा रीतीने एकाच शब्दाने जोडली गेली आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकातही मशागत व राखण यांचा असाच जबाबदारीचा अर्थ मांडला आहे. या अर्थाने बिबट्याही राखणीच्या कक्षेबाहेर राहत नाही.

लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला येथे विशेष बोलका आहे. रस्त्यावर पडलेला जखमी माणूस याजकाला दिसला, लेवीला दिसला आणि शोमरोन्यालाही दिसला. पाहण्यात तिघेही समान होते. थांबला तो एकटा शोमरोनी. यंत्र पाहण्याची शक्ती कितीही वाढवील. परंतु थांबणे हा निर्णय आहे आणि त्यासाठी काही किंमत मोजावी लागते.

स्थानिक अन्वयार्थ

शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळाली, की शेतकऱ्याला अंधारात दारे धरावी लागतात. ऊसतोड कामगारांची मुले फडालगतच्या कोप्यांत झोपतात. मेंढपाळांचा वाडा उघड्या रानात बसतो. पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांवर मोबाइलची रेंज पोहोचेलच असे नाही. इशारा वेळेवर मिळाला, तरी आत शिरून दार लावण्यासाठी मुळात दार असावे लागते. दिवसा वीज, कामगारांसाठी सुरक्षित निवारा, वस्तीवर उजेड आणि भोंगा वाजताच धावून जाणारी माणसे यांवाचून ती सूचना अपुरी राहते. यंत्रणा बसवली म्हणजे कर्तव्य पुरे झाले, असा समज काइनाच्या प्रश्नाचेच नवे रूप ठरेल.

समारोप

ख्रिस्ती दृष्टिकोन यंत्राला विरोध करीत नाही. एक जीव वाचवणारा भोंगाही मानवी बुद्धीचे सार्थक करतो. मात्र यंत्राला सूचनेचे काम देता येते. दायित्व त्याच्याकडे सोपविता येत नाही. हा विचार येथे ख्रिस्ती संज्ञांत मांडला असला, तरी शेजाऱ्याची राखण हे मूल्य अन्य परंपरांनाही परके नाही. म्हणून महाविद्यालयीन अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तंत्राबरोबर तिची मर्यादा कोण ठरवतो, ती कोणाच्या वस्तीपर्यंत पोहोचते आणि चुकीचे उत्तर कोण देतो, या प्रश्नांनाही स्थान असणे आवश्यक आहे.