गोटे आणि वाळू

दिग्गीहून समुद्र दिसत नाही. जोयडा तालुक्याच्या या कोपऱ्यात जंगल, डोंगर, आणि जरा पलीकडे गोव्याची हद्द. पण इथे उगम पावणारी काळी नदी 184 किलोमीटर वाहत जाऊन कारवारला अरबी समुद्राला मिळते, आणि कारवारच्या पुळणीत अशाच डोंगरांचा चुरा असतो. दगडातले बाकीचे घटक वाटेत कुजतात, चिखल होऊन जातात. गारगोटीचा कण तेवढा चिवट. तो टिकतो आणि त्याची वाळू होते.

याचा विचार मी पहिल्यांदा केला तो ब्रायटनला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. मोठ्या हौसेने चपला हातात घेतल्या आणि दहा पावलांत परत घातल्या. वाळू नव्हतीच. होते ते गोटे, लाखो, अंड्याएवढे आणि बटाट्याएवढे. तिथली जमीन खडूची. खडू लाटांपुढे विरघळून, भुगा होऊन जातो, पण त्याच्या पोटात चकमकीचे गोळे असतात. आठ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या स्पंजांच्या सांगाड्यांतली सिलिका साचून ते बनले. कडा ढासळला की ते खाली येतात आणि लाटेबरोबर एकमेकांवर घासत राहतात. एक फुटका गोटा उचलून पाहिला. वरून पांढरट साल, आत काळी काच. लाट मागे सरताना सुपात शेंगा पाखडल्यासारखा आवाज येतो. लोक घडीच्या खुर्च्या भाड्याने घेऊन का बसतात, हे मात्र कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पण अशा जागी लोक मुळात आले कशाला? उत्तर मजेशीर आहे: डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. ब्रायटन हे तेव्हा मासेमारीचं साधं गाव. जवळच्या लुईस गावच्या रिचर्ड रसेल या वैद्याने 1750मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. नुसती आंघोळ नव्हे, ते खारट पाणी प्यायचंसुद्धा! श्रीमंत रोगी येऊ लागले. चाकांच्या लाकडी खोलीत कपडे बदलायचे, घोडा ती खोली पाण्यात ओढत नेणार, मग तिथूनच गुपचूप डुबकी. 1783मध्ये राजपुत्र आला, आणि त्याच्यामागे फॅशन. 1841मध्ये लंडनहून रेल्वे आली. 1871च्या कायद्याने बँकांना जादा सुट्ट्या मिळाल्या आणि हळूहळू त्या सगळ्यांच्याच झाल्या. औषधाची सहल झाली. आपल्याकडे समुद्र म्हणजे मासळी, मीठ, गलबतं, फार तर पर्वणीचं स्नान. काही न करता नुसतं हवा खायला किनाऱ्यावर बसणं, हा उद्योग बराच नंतरचा.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरची सगळ्यात अजब वस्तू म्हणजे समुद्रात घुसलेला लांबलचक धक्का, पिअर. उधाणाच्या दिवसांत ब्रायटनला भरती आणि सुकती यांत सहा मीटरांचा फरक पडतो. कारवारला तो दोनच्या आसपास. पाणी इतकं वरखाली होत असेल तर बोटीला टेकायला पुढे खोल पाण्यापर्यंत काहीतरी न्यावंच लागतं. साउथएंडला तर सुकतीला मैलभर चिखल उघडा पडतो, म्हणून तिथला पिअर दोन किलोमीटरांहून लांब, वर त्यावर छोटी आगगाडी. ब्रायटनचा पहिला, साखळ्यांनी तोललेला पिअर 1823चा, बोटींसाठी बांधलेला. पण लोक पैसे मोजून नुसते फिरायलाच येऊ लागले. बोट न लागता बोटीवर उभं राहिल्याचं सुख! तो 1896च्या वादळात गेला. आज जिथे दिव्यांची रोषणाई आणि पाळणे आहेत तो 1899चा. 2003मध्ये जळालेल्या आणखी एकाचा लोखंडी सांगाडा अजून पाण्यात उभा आहे, आणि माझ्या मते दोघांत देखणा तोच.

मराठी माणसाला ब्रायटन ठाऊक असतं ते सावरकरांमुळे. 1909मध्ये याच किनाऱ्यावर त्यांनी सागराला उद्देशून ती कविता रचली. शाळेत ती म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे मालवणची पुळण असायची. गोटे कोणी सांगितलेच नव्हते.

त्यांच्याआधी एकतीस वर्षं, 1878मध्ये, सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा इथे राहिला होता. रवींद्रनाथ टागोर. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ यांचं कुटुंब ब्रायटनला होतं, तिथल्याच एका शाळेत काही दिवस रवींद्रनाथ गेले. एकदा भावाची मुलं धावत सांगत आली, बर्फ पडतंय. बाहेर येऊन पाहतात तर चांदणं आणि जमीनभर पांढरं.

सत्येंद्रनाथ म्हणजे आयसीएस झालेले पहिले भारतीय, तुकारामांचे अभंग बंगालीत नेणारे. कारवारचा उत्तर कन्नड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि ते कारवारला न्यायाधीश होते. 1883मध्ये रवींद्रनाथ त्यांच्याकडे आले. एका चांदण्या रात्री होडीतून काळी नदीत वर गेले, शिवाजी महाराजांच्या म्हणून सांगितलेल्या किल्ल्याखाली उतरले, एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात जेवले. परतताना मुखाशी उतरून वाळूतून चालत घरी आले. तेव्हा सुरूची झाडंसुद्धा गप्प होती, असं त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. ब्रायटनचं चांदणं बर्फावर, कारवारचं वाळूवर, पाहणारा एकच. आता त्या किनाऱ्याला त्यांचंच नाव आहे.

त्यांच्या पायाखालच्या वाळूत दिग्गीकडचेही कण असणार. 1987मध्ये काळीवर सुपा धरण पूर्ण झालं, 101 मीटर उंचीचं. जुनं सुपा गाव त्याच्या पाण्याखाली आहे. थांबलेल्या पाण्यात जड कण तळाशी बसतात. दिग्गीच्या ओढ्यात हात घातला तर बोटांना अजून वाळू लागते. ती आता सुप्यापर्यंतच जाते.