भात धरला, रांधणं वगळलं

मावळातल्या शेतकऱ्याने विकायला न काढता घरी खायला ठेवलेला इंद्रायणी तांदूळसुद्धा देशाच्या जीडीपीत धरला जातो. तोच तांदूळ निवडून, शिजवून घरादाराला वाढणाऱ्या बाईचे कष्ट मात्र त्यात शून्य! पोळ्यांना पगारी बाई लावली, की पोळ्या लगेच हिशेबात. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. पाच तासांचं हे काम देशाच्या वहीत नाही, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

आता मावळातल्याच सुदुंबऱ्याला या. इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पाचवी बटालियन आहे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा धो-धो पावसात चिखल उपसायला इथले जवान धावले. दीडशेच्या वर माणसं गेली. एक आई आणि तिचं तान्हं बाळ मात्र ढिगाऱ्यातून जिवंत निघालं. जीडीपीत याची नोंद कशी होते? सरकारी सेवेची किंमत म्हणजे तिच्यावर झालेला खर्च: पगार, साहित्य, डिझेल. वाचलेल्या जिवासाठी रकानाच नाही. गाडली गेलेली घरं वजा होत नाहीत, नव्या घरांचं सिमेंट-लोखंड मात्र वाढीत जमा!

राष्ट्रीय उत्पन्नाचं गणित बसवणाऱ्या सायमन कुझनेट्सनेच १९३४मध्ये अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की या आकड्यावरून जनतेचं भलं क्वचितच कळेल. पुण्यात गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये गरीब कोण हे ठरवताना थेट ताटाकडे पाहिलं. माणशी रोज २२५० कॅलरी पोटात जाण्याइतका खर्च ज्याला झेपत नाही, तो गरीब. महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने १९९०मध्ये मानव विकास निर्देशांक आणला. त्यात उत्पन्नाच्या पंक्तीला आयुष्य आणि शिक्षण येऊन बसलं.

सुदुंबऱ्यात संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. ते तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. घाण्याचं तेल विकून पोट भरायचे आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवायचे. आजच्या नियमाने तेल उत्पन्नात आलं असतं, अभंगांच्या वह्या बाहेर राहिल्या असत्या. महाराष्ट्राला जास्त श्रीमंत कशाने केलं, ते वारकऱ्यांना विचारा.

भूतानच्या राष्ट्रीय आनंद निर्देशांकात नऊ विषय आहेत. त्यात माणसाला झोप किती मिळते, हेही विचारतात. मावळातही हे विचारायला हवं, चाकणच्या कारखान्यांतल्या रात्रपाळीवरून पहाटे घरी परतणाऱ्या पोरांना तर सगळ्यात आधी.