आधी चाळणी, मग यंत्र

सकाळी साडेसहा

आज शनिवार. भाचीला घरी कॉफी भाजायची आहे आणि त्यासाठी काय काय घ्यायचं हे ठरवायला ती दिवसभर माझ्याकडे आली आहे. रात्रीच तिने फोनवर यंत्रांचे फोटो पाठवले होते. मी म्हटलं, यंत्राचं संध्याकाळी बघू, आधी हिशेब मांडू.

तिच्या घरी कॉफी पिणारे दोघं. दिवसाला मिळून चार कप. कपाला १५ ग्रॅम पूड धरली तर रोज ६० ग्रॅम, आठवड्याला ४२०. भाजताना कच्च्या बियांचं वजन १२ ते २० टक्के घटतं. ओलावा निघून जातो, सालपट झडतं, काही भाग वायू होऊन उडतो. म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो कच्च्या बिया लागणार. एवढा एक आकडा वहीत आला आणि निम्मे फोटो बाद झाले. एका वेळी ८०-१०० ग्रॅम भाजणाऱ्या छोट्या यंत्रावर तिला आठवड्यात पाच-सहा घाणे काढावे लागले असते. नोकरी सांभाळून हे कुणी फार दिवस करत नाही.

पावणेआठ

चहाऐवजी फिल्टर कॉफी. तिच्या घराबद्दल विचारत बसले. चिमणीला बाहेर जाणारा पाइप आहे का? नाही, हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडणारी आहे. मग ती या कामाला उपयोगाची नाही. एक्झॉस्ट फॅन? आहे, ओट्यापासून हातभर अंतरावर. हे उत्तम. यंत्रासाठी सॉकेट कुठला? साधा, ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट. त्यापुढचं काहीही लावायचं तर १६ अँपिअरचा सॉकेट हवा.

"मावशी, धूर खरंच एवढा होतो का गं?"

"किती गडद भाजतेस त्यावर आहे. मध्यम भाजलीस तर पंखा पुरेल. काळपट, तेलकट भाजायला गेलीस तर जिन्यातले लोक विचारायला येतील."

साडेदहा

बोहरी आळी. सकाळी दुकानं नुकती उघडलेली असतात तेव्हाच जावं, दुकानदार निवांत दाखवतात. सगळ्यात आधी मी चाळण्या घेतल्या: स्टीलच्या, मोठ्या भोकांच्या, एकीतून दुसरीत ओतता येतील अशा दोन. भाचीला हे विचित्र वाटलं. पण गॅस बंद केला तरी बी आतून तापलेलीच असते आणि भाजत राहते. चार-पाच मिनिटांत ती हाताला सोसेल इतकी गार झाली नाही, तर ठरवलेल्या टप्प्यावर थांबणं अशक्य. चाळणीखाली टेबलफॅन आणि दोन चाळण्यांत वर-खाली ओतणं, याने गारही होते आणि सालपटही उडून जातं. गच्ची असेल तर सुपाने पाखडावं, त्याहून सोपं काही नाही.

मग बिडाची कढई. जाड बुडाची, एका वेळी २०० ग्रॅम बिया मोकळ्या हलतील एवढी. नॉनस्टिक अजिबात नको. बी सव्वादोनशे अंशांना पोचते तेव्हा भांड्याचा तळ त्याहून बराच तापलेला असतो, आणि तो लेप २६० अंशांच्या आसपास खराब व्हायला लागतो. लांब दांड्याचा लाकडी कालथा, जाड हातमोजे. बस.

तिथून बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ. के-टाईप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, आणि तिचा छोटा मीटर घेतला. दुकानातला मुलगा बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर दाखवत होता. तो फक्त पृष्ठभाग वाचतो, आणि चकचकीत स्टीलवर तर साफ चुकीचा आकडा देतो. तारेचं टोक बियांच्या ढिगात बुडलेलं असलं तरच आकड्याला अर्थ आहे.

दीड वाजता जेवण.

अडीच

आता खरं काम. बिया चिकमगळूरच्या, धुतलेल्या अरेबिकाच्या, 'पीबी' प्रतीच्या. भारतात धुतलेल्या अरेबिकाला 'प्लांटेशन' म्हणतात आणि चाळणीच्या मापावरून एए, ए, बी अशा प्रती पडतात. पीबी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच बी भरलेली, म्हणून ती गोल असते. चपटी बी कढईत एका बाजूवर पडून डागते. गोल बी घरंगळत राहते. शिकणाऱ्याने पीबीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. न धुता सालासकट वाळवलेली 'चेरी' नंतर घ्यावी, तिचं सालपट फार उडतं.

२०० ग्रॅम तोलून कढईत. मध्यम आच. भाची ढवळते आहे, मी वहीत दर मिनिटाला आकडा लिहिते आहे. पहिली काही मिनिटं काही घडत नाही असं वाटतं, पण तेव्हा बीतला १०-१२ टक्के ओलावा बाहेर पडत असतो. हिरवट वास, मग ओल्या गवताचा. १५० अंशांच्या पुढे पिवळेपणा येतो आणि पाव भाजल्यासारखा वास सुटतो. इथून पुढे हात थांबवायचा नाही. तपकिरी रंग चढतो, सालपट उडायला लागतं, आणि दोनशेच्या जरा अलीकडे पहिली तडतड. आतल्या वाफेच्या दाबाने बी फुगते आणि तडकते, आवाज अगदी स्पष्ट येतो.

"आता बंद करू?"

"थांब. आच कमी कर, पण विझवू नकोस. आता सगळी चव ठरते."

तडतड सुरू झाल्यापासून दोन मिनिटांनी तिने कढई चाळणीत उपडी केली. पंखा सुरू. दुसरा, बारीक चुरचुरणारा आवाज २२५ च्या आसपास येतो. तिथे तेल वर यायला लागतं आणि आपल्याला तिकडे जायचंच नव्हतं.

गार झाल्यावर वजन: १७२ ग्रॅम. २८ ग्रॅम घट, म्हणजे १४ टक्के. मध्यम भाजणी. रंग दिव्याच्या उजेडावर फसवतो, वजनाचा आकडा फसवत नाही, म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हे या घरातलं पहिलं साधन. काही बियांवर काळे डाग दिसले. कढईत ते पूर्ण टळत नाहीत, कारण उष्णता तळाच्या स्पर्शातून येते.

पाच

आता यंत्रं. गरम हवेची यंत्रं बिया उडवत भाजतात: सात-आठ मिनिटांत स्वच्छ, सारखी भाजणी, पण घाणा लहान. विजेवरची ड्रमची यंत्रं पाव किलोच्या आसपास भाजतात, सावकाश, जास्त गोडीची. बेहमोर आणि जेने कॅफे ही नावं तिने वाचली होती. तिच्या यादीतलं एक यंत्र थेट अमेरिकेतून मागवायचं होतं. ते १२० व्होल्टवर चालणारं. त्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर घ्या आणि बिघडलं तर सुटा भाग समुद्रापलीकडून आणा. मी ते खोडलं.

तिसरा पर्याय हाताने फिरवायचा, गॅसवर ठेवायचा ड्रम. दक्षिणेतल्या कित्येक घरांत पूर्वी कोळशावर असाच ड्रम फिरायचा. घाणा २५० ग्रॅमचा, डाग कमी, सॉकेटचा प्रश्न नाही. तिच्या अर्ध्या किलोला आठवड्याचे दोन घाणे पुरतात.

साडेसहा

एक गोष्ट तिच्या यादीत नव्हतीच. तिच्याकडे दातेरी चकत्यांमध्ये (बर) दळणारा ग्राइंडर नाही, मिक्सरवर दळते. पात्यांनी बी तुटते, काही पीठ होतं आणि काही रवा, आणि मग एकाच कपात कडू आणि पांचट दोन्ही उतरतं. कितीही चांगली भाजलेली कॉफी तिथे वाया जाते.

शेवटी ठरलं ते असं: काटा, चाळण्या, थर्मोकपल आणि बिडाची कढई आज घरी, चांगला हातग्राइंडर पुढच्या पगाराला, ड्रम त्यानंतर, कढईवर पहिली तडतड कानाने ओळखता यायला लागल्यावर. विजेचं यंत्र या वर्षी नाही.

आजची कॉफी तिने डब्यात भरून नेली. ताज्या भाजलेल्या बीतून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो, म्हणून आज रात्री झाकण घट्ट लावू नकोस आणि मंगळवारपर्यंत दळू नकोस, एवढं तिला दारात सांगितलं.